अरुंद फुटपाथवर समोरासमोर आलो, तर खाली कोणी उतरायचं?

कडेकडेने
परवा सकाळची गोष्ट. फुटपाथ एवढा अरुंद, की एक माणूस आणि त्याच्या हातातली पिशवी यांनीच भरून जावा. माझ्या डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला रस्ता, रस्त्यावर भरधाव वाहनं. समोरून दोघं जण येत होते, खांद्याला खांदा लावून, गप्पांत रंगलेले. वाटलं, जवळ आल्यावर एक जण मागे होईल. झाला नाही. शेवटच्या क्षणी मीच खाली उतरले. मागून कर्कश हॉर्न वाजला आणि एक दुचाकी कोपराला जवळजवळ घासून गेली. ते दोघं तसेच पुढे. त्यांनी मला पाहिलंसुद्धा नसावं, आणि खरं तर याचाच जास्त राग आला. पाहून हटले नसते तर निदान भांडता तरी आलं असतं.

रागारागाने घरी आले आणि मग एक नको तो विचार मनात आला. गेल्याच आठवड्यात मी मैत्रिणीबरोबर त्याच फुटपाथवरून बोलत बोलत गेले होते. तेव्हा समोरून कोण आलं होतं? मला कोणीच आठवत नाही. म्हणजे कोणीतरी मुकाट्याने खाली उतरलं असणार.

तर प्रश्न असा: याचा काही नियम आहे का? वयाने मोठ्याला मान? ओझंवाल्याला? एकट्याला? की ज्याला आधी लाज वाटते त्याने उतरायचं?

आगाऊ
पयला नंबर! सविस्तर नंतर लिहितो. सध्या फुटपाथवरून चालता चालताच टंकतोय.

खडूस_म्हातारा
नियम शाळेत शिकवलेला आहे, लोक विसरले एवढंच. प्रत्येकाने आपापल्या डाव्या बाजूने चालावं. दोघांनी पाळला तर प्रश्नच उरत नाही. धागा बंद करायला हरकत नाही.

रानजाई
काका, एवढ्यात नका बंद करू. :-) डावं-उजवं करायला दोन माणसांची जागा लागते. कडेकडेने यांच्या फुटपाथवर ती एकाचीच आहे. तिथे डावीकडे भिंत आणि उजवीकडे दुचाकी.

शिवाय शाळेत आणखी एक शिकवायचे: फुटपाथच नसेल तर वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूने चाला. वाहनं डावीकडून चालतात तिथे ती बाजू उजवी होते. म्हणजे फुटपाथ संपला की तुमचा नियम उलटा!

खडूस_म्हातारा
फुटपाथ संपला की बरंच काही उलटं होतं. मुद्दा सोडू नका.

तिरपागडे
हे भांडण फार जुनं आहे. लंडनमध्ये एके काळी 'भिंत कोणाची' यावरून हातघाईवर येत. रस्त्यात चिखल, घाण, वरून ओतलेलं सांडपाणी आणि बग्ग्यांच्या चाकांनी उडणारे शिंतोडे. भिंतीलगत चालणारा त्यातल्या त्यात कोरडा राहायचा. त्यामुळे भिंतीकडची बाजू सोडणं म्हणजे मान देणं आणि ती अडवून धरणं म्हणजे मस्ती.

अठराव्या शतकातले कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी आईची आठवण सांगितली आहे. लंडनहून ते घरी गेले तेव्हा आईने विचारलं, तू भिंत सोडणाऱ्यांतला की भिंत घेणाऱ्यांतला? तिच्या काळी माणसांच्या दोन जाती होत्या, शांत आणि भांडकुदळ, आणि त्या अशा ओळखायच्या. पुढे जॉन्सन म्हणतात की आता सगळे उजवीकडून चालतात, त्यामुळे तंटाच उरला नाही.

तंटा मिटल्याची ही घोषणा जरा घाईने झाली असं हा धागा वाचून वाटतंय.

शंखपुष्पी
पुरुषाने रस्त्याच्या बाजूने आणि बाईने आतून चालायचं हा प्रकार यातूनच आला असेल का? आमच्याकडे 'हे' अगदी आठवणीने मला आतल्या बाजूला घालतात आणि मग स्वतः दहा पावलं पुढे निघून जातात.

रानजाई
@शंखपुष्पी, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मोजपट्टी
पेशाने रस्त्यांच्या आराखड्यांशी संबंध आहे, म्हणून थोडे आकडे. पादचाऱ्यांच्या जागेचा हिशेब मांडताना अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९७१ साली उभ्या माणसासाठी एक लंबवर्तुळ धरलं: खांद्यापासून खांद्यापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर, छाती ते पाठ ४५. हा झाला नुसता उभा माणूस. चालताना शरीर डुलतं, हातात पिशवी असते, भिंतीला कोणी घासून चालत नाही आणि कडेवरूनही नाही. त्यामुळे दोन्हीकडची वीतभर जागा वाया जाते.

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत दोन चाकखुर्च्या एकमेकींशेजारून जायला २ मीटर धरतात. एक चाकखुर्ची आणि एक चालणारा यांना १.५ मीटर. मध्ये खांब वगैरे अडथळा असेल तिथे अगदी कमीत कमी १ मीटर, तोही थोड्याच अंतरापुरता.

आता आपापल्या फुटपाथवर जाऊन खांब, झाडाचा बुंधा, विजेची पेटी आणि लावलेली दुचाकी वजा करा. जे उरतं त्यात सौजन्य बसवायला जागाच राहत नाही. दीड मीटरच्या फुटपाथवरची माणसं जास्त सभ्य वाटतात ती उगाच नाही. माझ्या मते हा स्वभावाचा प्रश्न नाहीच, रुंदीचा आहे.

कडेकडेने
@मोजपट्टी, पटलं. पण फुटपाथ रुंद होईपर्यंत मी काय करू? रोज सकाळी नऊला मला तिथून जायचं असतं.

खडूस_म्हातारा
आणि रुंद झाला की त्यावर दुचाक्या चढतील.

मोजपट्टी
दोघांनाही तूर्तास उत्तर नाही.

चालताबोलता
मला नेहमी उलटं आश्चर्य वाटतं. एवढे लोक एकमेकांवर आदळत कसे नाहीत? नेहमीची चाल सेकंदाला सुमारे १.३ मीटर. दोघं समोरून येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला अडीच मीटरहून जास्त वेगाने कमी होतं. दहा मीटरवर दिसलेला माणूस चार सेकंदांच्या आत नाकासमोर. तेवढ्यात आपण बोलतो, पिशवी सावरतो, मनात उद्याची यादी करतो आणि तरी बहुतेक वेळा सहज निसटतो.

भौतिकशास्त्रज्ञांनाही हे कोडं पडलेलं आहे. हेलबिंग आणि मोल्नार यांनी १९९५ मध्ये माणसांवर जणू आकर्षणाचं आणि अपाकर्षणाचं बल काम करतंय असं मानून गर्दीचं गणित मांडलं. त्यात कोणी कोणाला न सांगता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रांगा आपोआप तयार होतात.

२०२१ च्या इग नोबेल पुरस्कारांत (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते) तर कमाल झाली. माणसं एकमेकांवर सतत का आदळत नाहीत, याच्या अभ्यासाला भौतिकशास्त्राचा. आणि माणसं कधी कधी का आदळतात, याच्या अभ्यासाला गतिकीचा. एकाच वर्षी!

दुसरा प्रयोग जपानमधला. सत्तावीस-सत्तावीस जणांचे दोन गट समोरासमोरून चालवले. एका गटातल्या फक्त तिघांना मोबाइलवर काम करत चालायला सांगितलं. हे तिघं पुढच्या फळीत असले की दोन्ही गटांच्या रांगा नीट जुळायला वेळ लागायचा. आणि गंमत म्हणजे ज्यांच्या हातात मोबाइल नव्हता त्यांनाही अचानक वळावं लागत होतं. चुकवणं हे एकट्याचं काम नाही, दोघांनी मिळून करायचं आहे. एकाने लक्ष काढून घेतलं की दुसऱ्याचं लक्ष पुरत नाही.

आगाऊ
सविस्तर प्रतिसाद लिहायला घेतला होता, पण मध्ये एक खांब आला. कपाळावर छोटं टेंगूळ आहे. बाकी ठीक.

शंखपुष्पी
खांबाने वाट द्यायला हवी होती. काय हे सौजन्य!

मोजपट्टी
खांबापाशी कमीत कमी १ मीटर. वर लिहिलंय.

चालताबोलता
@आगाऊ, तुमच्यासारख्यांसाठीच जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात २०१६ मध्ये ट्राम थांब्याजवळ जमिनीत दिवे बसवले. मान वर होत नाही तर सिग्नलच खाली आणू या, असा विचार. जपानच्या यामातो शहराने २०२० मध्ये रस्त्याने चालताना मोबाइल पाहू नये असा नियमच केला. दंड मात्र ठेवला नाही. नुसतं सांगितलं, नका करू.

खडूस_म्हातारा
नुसतं सांगून ऐकतात? आमच्या घरी पाठवा त्यांना.

निवांत
मूळ प्रश्नाहून जरा लहान दुःख सांगतो. समोरचा आणि मी एकाच वेळी एकाच बाजूला सरकतो. मग दोघंही दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा पहिल्या. शेवटी दोघं ओशाळून हसतो. याला मराठीत शब्द आहे का?

रानजाई
फुटपाथी फुगडी.

तिरपागडे
आरसानृत्य.

शंखपुष्पी
'आधी तुम्ही, आधी तुम्ही'ची पायांनी केलेली आवृत्ती.

निवांत
फुगडी मंजूर. आता उपाय सांगा.

चालताबोलता
फुगडी होते कारण दोघंही भले असतात. एक जरी उर्मट असता तर सरळ गेला असता आणि प्रश्न मिटला असता. उपाय एकच: कोणीतरी एकाने जागच्या जागी थांबायचं. सरकणारा एकच राहिला की फुगडी संपते.

वाटसरू_७
दुसरा उपाय: समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका. जिथे जायचंय तिथे बघा. तुमची नजर वाचून तो दुसऱ्या बाजूला जातो. मी तर असं म्हणेन, की नजर दिलीत की हरलात. नजरानजर झाली की समोरचा समजतो, 'याने मला पाहिलंय, आता हाच सरकेल.' आणि तो निश्चिंत होऊन सरळ येतो.

तिरपागडे
वाटसरू, अर्धंच पटलं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी यावर बारकाईने लिहिलंय. दोन अनोळखी माणसं जवळ येतात तेव्हा साधारण आठ फुटांपर्यंत एकमेकांना नीट पाहून घेतात. तू कुठून, मी कुठून, हे डोळ्यांनीच ठरतं. मग जवळून जाताना दोघंही नजर खाली करतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीसाठी दिवे मंद करावेत तशी. म्हणजे पाहायचं, पण वेळेवर, आणि मग सोडून द्यायचं. न पाहणं हा अपमान होतो आणि पाहत राहणं हीही आगळीक.

कडेकडेने यांना राग आला तो याचाच. त्यांना आठ फुटांवरची नजरच मिळाली नाही.

कडेकडेने
तिरपागडे, अगदी. तुम्ही माझा राग माझ्यापेक्षा नीट मांडलात.

सावली
इतके दिवस वाचनमात्र होते, पण आज लिहावंसं वाटलं. 'कोण सरकतं' याला बाई-पुरुष हाही कोन आहे. मी खांदा आत ओढते, पिशवी छातीशी धरते, भिंतीकडे वळते. सरावाने. एकदा ठरवून दिवसभर सरकले नाही. संध्याकाळपर्यंत खांदा दुखत होता.

निवांत
सावली, आदर आहे, पण हे जरा सरसकट होतंय. मलाही कित्येक जण धडकतात. गर्दीत कोण बाई कोण पुरुष बघायला वेळ कोणाला असतो?

तिरपागडे
निवांत, वेळ नसतो, म्हणूनच शरीर सवयीने वागतं. कोलेट आणि मार्श यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात लोकांचं चित्रण करून १९७४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अरुंद जागेतून एकमेकांशेजारून जाताना पुरुष बहुधा समोरच्याकडे तोंड करून वळत आणि बायका पाठ करून. बायकांचे हात पुष्कळदा छातीवर आडवे असत. सावली यांनी पिशवीचं जे सांगितलं तेच, पन्नास वर्षांपूर्वी.

सावली
धन्यवाद तिरपागडे. निवांत, तुम्ही मुद्दाम करता असं म्हणत नाहीये. पण मुद्दाम करणारेही आहेत. २०१८ मध्ये तोक्योच्या शिंजुकू स्टेशनमधली एक चित्रफीत खूप फिरली होती. एक माणूस गर्दीतून चालताना बायकांना ठरवून धक्के देत जातो. जपानीत अशांसाठी शब्दसुद्धा आहे.

निवांत
ती चित्रफीत माहीत नव्हती. आत्ता शोधून पाहिली. सरसकट म्हणालो ते मागे घेतो. उद्यापासून स्वतःकडे लक्ष ठेवून बघतो.

गोगलगाय
समोरून येणाऱ्यांवर एवढं लिहिलंत, मागून येणाऱ्यांचं काय? मी हळू चालते. गुडघे. मागून कोणीतरी येऊन मानेवर श्वास सोडत चालतं, बोलत मात्र नाही. मग सटकन अंगाला घासून पुढे जातं. मी दचकते आणि तोल जातो. अहो, घसा खाकरा. 'जरा जाऊ का?' म्हणा. मी आनंदाने थांबेन, मलाही दम घ्यायला निमित्त मिळेल.

आणि मूळ प्रश्नाबद्दल: मला फुटपाथवरून उतरायचं काहीच वाटत नाही हो. परत चढताना वाट लागते. वीतभर उंच असते ती कड. त्यामुळे मी अडून उभी राहते तेव्हा तो उर्मटपणा नसतो, चढण्याचा हिशेब असतो.

पट्टेवाला
आणि ज्याच्याबरोबर कुत्रं आहे त्याने काय करावं? आमचं ध्यान भिंतीकडे, मी रस्त्याच्या कडेला आणि मध्ये आडवी दोरी. लोक आधी मला चुकवतात, मग कुत्र्याला, आणि दोरीत पाय अडकवून घेतात.

रानजाई
@पट्टेवाला, दोरी आखूड धरा आणि कुत्रं व तुम्ही एकाच बाजूला राहा. रिबीन कापायला पाहुणे येत नाहीयेत.

अनवाणी
या धाग्यावर सगळे 'बघण्या'बद्दल बोलताहेत म्हणून लिहितो. मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो, तेव्हा शुद्धलेखन समजून घ्या.

पांढरी काठी पाहून लोक खरंच बाजूला होतात. पण चिडीचूप होतात. श्वास रोखून भिंतीला चिकटून उभे राहतात आणि माझी काठी त्यांच्या बुटाला लागते. मग दोघंही घाबरतो. बाजूला व्हाच, पण आवाज करा. 'मी इथे भिंतीशी उभा आहे, सरळ या,' एवढं पुरतं.

दुसरं, न विचारता दंड धरून ओढू नका. मदत करायची तर विचारा आणि मी हो म्हणालो तर तुमचा कोपर पुढे करा. मी तो धरून अर्धं पाऊल मागे चालतो, म्हणजे तुम्ही चढता-उतरता ते मला तुमच्या हातातून कळतं. ओढलं की काहीच कळत नाही.

तिसरं, पायाखालच्या खडबडीत पिवळ्या फरश्या. त्या शोभेच्या नाहीत. जपानचे सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. गप्पा मारायला लोकांना नेमक्या त्याच फरश्या सापडतात.

आणि खाली कोणी उतरायचं? मी तरी नाही. भिंत हा माझा धागा आहे. काठीचं टोक तिच्याशी बोलत असतं. एकदा रस्त्यावर उतरलो की तो धागा सुटतो, मग भिंत कुठे आणि मी कुठे, हे पुन्हा शोधावं लागतं, तेही वाहनांच्या आवाजात.

गोगलगाय
अनवाणी, मी त्या चिडीचूप उभ्या राहणाऱ्यांपैकी आहे. मला वाटायचं आपण त्रास देत नाही आहोत. आता बोलेन.

मोजपट्टी
त्या फरश्या मी आराखड्यात कितीतरी वेळा काढल्या आहेत. त्यांच्यावर उभं राहून फोनवर बोललोही आहे. कबूल.

शंखपुष्पी
छत्रीचा विषय कोणीच कसा काढला नाही? पावसात फुटपाथ निम्मा होतो. दोन छत्र्या समोरासमोर आल्या की तारा थेट डोळ्यांशी. जपानमध्ये म्हणे एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) रीतच आहे: शेजारून जाताना दोघंही छत्री बाहेरच्या बाजूला कलती करतात, म्हणजे पाणी कोणावरच गळत नाही. किती देखणं!

तिरपागडे
देखणं आहेच, पण एदो काळापासूनचं आहे याला त्या काळातला पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. 'एदो काळातल्या रिती' म्हणून ज्या गोष्टी सांगतात त्या विसाव्या शतकात रचल्या गेल्या, असं अभ्यासक म्हणतात.

शंखपुष्पी
घ्या! तिरपागडे, एखादी गोष्ट तरी छान राहू द्या.

तिरपागडे
छत्री कलती करायला कोण अडवतंय? आजपासून सुरू करा. आणखी दोनशे वर्षांनी जुनी होईल.

उंचबुटकी
उंच माणसांनी छत्री वर धरावी, बुटक्यांनी खाली. मी बुटकी. माझ्या छत्रीच्या तारा नेमक्या बाकीच्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. या बाबतीत मी सार्वजनिक धोका आहे.

खडूस_म्हातारा
मी दोन दिवस गप्प होतो. आता सांगतो. मी सरकत नाही. कोणी समोरून आलं की थांबतो, काठी टेकवतो आणि उभा राहतो. लोक वळसा घालून जातात. काही जण पुटपुटतात. पुटपुटू देत.

सावली
काका, राग मानू नका, पण मग डाव्या बाजूच्या नियमाचं काय झालं?

खडूस_म्हातारा
नियम सरकता येणाऱ्यांसाठी. मान वळवली की मला चक्कर येते. मागून काय येतंय हे बघता येत नाही, मग रस्त्यावर उतरू कसा? हे पहिल्या प्रतिसादात लिहायचं नव्हतं, म्हणून नियम लिहिला.

गोगलगाय
काका, तुम्ही आणि मी एकाच फुटपाथवर समोरासमोर आलो तर संध्याकाळ होईल.

खडूस_म्हातारा
होऊ दे. गप्पा मारू.

वाटसरू_७
काकांनी न कळत नेमकं उत्तर दिलंय बघा! 'मागून काय येतंय हे बघता येत नाही.' कडेकडेने, तुमच्या भिंत-डावीकडे, रस्ता-उजवीकडेचा अर्थ असा, की वाहनं तुमच्या पाठीमागून येत होती. त्या दोघांना मात्र तीच वाहनं समोरून दिसत होती. मग उतरणं कोणाला सोपं? त्यांना. ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे तिथल्या रस्ता-नियमावलीचा, पहिलाच नियम पादचाऱ्यांना सांगतो, की शक्यतो वाहनांकडे पाठ करून फुटपाथच्या कडेने चालू नका. आणि रस्त्यावर उतरावंच लागलं तर आधी दोन्हीकडे बघा.

त्यामुळे माझं मत: ज्याचं तोंड वाहनांकडे, त्याने उतरावं. पाठ असणाऱ्याने भिंत धरावी. वय, मान, ओझं हे त्यानंतर.

कडेकडेने
हे मला सुचलंच नव्हतं! म्हणजे मी सौजन्य दाखवलं, तेही चुकीच्या बाजूने.

अनवाणी
वाटसरूंचा नियम चांगला. एक पुरवणी: ज्याला परत चढता येत नाही, वळून बघता येत नाही किंवा मुळात दिसत नाही, त्याचं तोंड कुठेही असो, त्याने उतरू नये.

बाबागाडी
आणि जिच्या हातात बाबागाडी आहे तिनेही. चाकं उतरवताना बाळ पुढे घसरतं. मी आधी थांबते आणि हाताने 'या' म्हणून खूण करते. बहुतेक लोक हसून जातात. काही जण मात्र गाडीवर खाली वाकून बाळाशी बोलायला लागतात आणि मग मागे रांग लागते.

चालताबोलता
त्या दोघांची थोडी बाजू घेऊ का? मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बरोबर चालणाऱ्या गटांचा अभ्यास केला. मोकळ्या जागेत माणसं एका ओळीत शेजारी-शेजारी चालतात. दाटी वाढली की तिघांची ओळ मधून मागे वाकते, मधला जरा मागे पडतो आणि आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा होतो. चालायला हा आकार गैरसोयीचाच, समोरून येणारे थेट त्याच्या पोटात शिरतात. पण त्यात सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसतात, म्हणून तो टिकतो. गप्पांना चेहरा लागतो हो. एकामागे एक झालं की बोलणं मरतं. कडेकडेने, त्या दोघांना तुमच्याशी वैर नव्हतं, वाक्य पूर्ण करायचं होतं.

सावली
वाक्य दहा पावलांनी पूर्ण केलं तर काही बिघडत नाही.

आगाऊ
सविस्तर प्रतिसाद: वरील सर्वांशी सहमत. टेंगूळ उतरलं.

निवांत
आठवडाभर स्वतःकडे लक्ष ठेवलं. सावली, मोजलं नाही, पण लाज वाटावी इतक्या वेळा मी सरळ जात होतो आणि समोरची बाई वळत होती. मला ते कधी दिसलंच नव्हतं. आता सरकतो, तर फुगडी वाढली आहे, कारण त्याही सवयीने सरकतात.

सावली
:-) थांबा जागच्या जागी. वर उपाय दिलाय.

कडेकडेने
धागा मीच काढला, म्हणून आठ दिवसांचा अहवाल देते.

आता मी लांबूनच ठरवते. दहा-बारा पावलांवर असतानाच भिंतीकडे सरकते, वेग कमी करते आणि जागा फारच कमी असेल तर थांबते. आधी वाटलं यात उशीर होईल. होत नाही, थांबणं दोन-तीन सेकंदांचं असतं. पण मी काय करणार हे समोरच्याला वेळेवर दिसतं. शेवटच्या क्षणाची उडी बंद झाली. काल एक जण उलट मलाच म्हणाला, 'या ना तुम्ही,' आणि वाहनं बघून उतरला. तोंड त्याच बाजूला होतं, वाटसरू.

मैत्रिणीबरोबर परत त्याच रस्त्याने गेले. समोरून एक आजोबा येताना दिसले आणि मी न सांगता तिच्या मागे झाले. ती बोलतच राहिली. पाच-सहा वाक्यं हवेशी बोलली, मग वळून म्हणाली, 'अगं, ऐकतेस ना?' आजोबा तोवर निघून गेले होते.

खडूस_म्हातारा
ते मीच नसेन कशावरून?

आणि ते पहिले दोघं? परत दिसले का?

कडेकडेने
दिसले. सोमवारी, त्याच जागी, तसेच बोलत. मी भिंतीला टेकून थांबले. उतरले नाही. चार पावलांवर त्यातला एक बोलता बोलता मागे झाला, मला वाट दिली आणि मी पुढे गेल्यावर मागून ऐकू आलं, 'हं, तर मी काय सांगत होतो?'

तिरपागडे
आणि नजर?

कडेकडेने
मिळाली. आठ फुटांवर.